नवशिक्याचा स्वयंपाक



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून वरण-भाताविषयी बोलायचे म्हटले की पुढच्या रांगेतील काही कपाळांवर आठ्या पडणार, हे मी धरूनच आलो आहे. या व्यासपीठावर इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय शोभतात. तेथे डाळ-तांदूळ घेऊन येणारा मनुष्य म्हणजे दरबारात भाजीची पिशवी घेऊन शिरणारा! तथापि एक योगायोग आपल्यापुढे ठेवतो. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ते साल १८७५. त्याच साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ हे पाककृतींचे पुस्तक मराठीत छापून निघाले. म्हणजे व्याख्यान ऐकून शहाणा होऊ पाहणारा मराठी माणूस आणि पुस्तक वाचून स्वयंपाक शिकू पाहणारा मराठी माणूस, हे दोघे जवळजवळ एकाच वयाचे आहेत. पहिल्याचा आपण दर वसंतात सत्कार करतो. दुसऱ्याची आज थोडी विचारपूस करावी, एवढाच माझा हेतू आहे.

हा नवशिका कोण? तो शिक्षणासाठी जर्मनीत किंवा अमेरिकेत गेलेला मुलगा असेल, जो रात्री फोन करून विचारतो, “आई, वरणाला पाणी किती घालू?” ती नोकरी करणारी मुलगी असेल, जिला शिकायला सवड मिळाली नाही आणि ‘मुलगी असून येत नाही’ या बोलण्याच्या धाकाने जी विचारायलाही लाजते. तो पत्नी गेल्यानंतर रिकाम्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलेला साठीचा गृहस्थ असेल. या तिघांचे वय, शिक्षण, मिळकत सारे वेगळे. एक गोष्ट मात्र तिघांत समान आहे. शेगडीपुढे उभे राहिले की त्यांचा हात कापतो.

मीही त्यांच्यातलाच. शाळेत तीस वर्षे मी विज्ञान शिकविले. पाण्याचा उत्कलनबिंदू किती, हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगितले असते. पण त्याच पाण्यात तांदूळ किती वेळ ठेवायचे, हे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत मला ठाऊक नव्हते. त्या वर्षी आमच्या घरी अंगणात पाय घसरून मंडळींचा उजवा हात मनगटात मोडला आणि सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला. पहिले दोन दिवस शेजाऱ्यांनी डबे दिले. तिसऱ्या दिवशी मी पिठले करावयास घेतले. ‘पिठले म्हणजे काय, पाण्यात पीठ!’ असा माझा समज. फोडणी केली, पाणी ओतले, पाण्याला उकळी आल्यावर वाटीभर बेसन त्यात सोडले आणि पळीने ढवळू लागलो. कढईत पिठले झालेच नाही, गोट्या झाल्या. वरून शिजलेल्या, आत कोरडे पीठ. मंडळी खुर्चीवर बसून पाहत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या,

“अहो, पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं असतं.”

“मग हे आधी का नाही सांगितलंस?”

“पस्तीस वर्षांत तुम्ही कधी विचारलंत?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर आजही नाही. पण त्या गोट्यांचे कारण मात्र मी शोधून काढले, आणि तेथूनच माझा धीर चेपत गेला. त्या सहा आठवड्यांत जे कळले ते आज आपल्यापुढे मांडतो.

भीती कशाची?

आपल्याकडे उत्तम स्वयंपाकाला ‘हाताला चव आहे’ असे म्हणतात. हे वाक्य करणाऱ्याचा गौरव करते, पण शिकणाऱ्याचा घात करते. चव जर जन्मतःच हातात असेल, तर ज्याच्या हातात ती नाही त्याने शेगडीजवळ जावे तरी कशाला? वास्तविक चव हाताला चिकटलेली नसते. हजारो वेळा केलेल्या कामाची ती आठवण असते. ‘अंदाजाने मीठ घाल’ असे आई सांगते तेव्हा तिचा अंदाज म्हणजे तिच्या हातून गेलेल्या हजारो चिमटींची बेरीज असते. ज्याने एकही चिमूट टाकलेली नाही, त्याला अंदाज कोठून येणार? म्हणून नवशिक्याने आरंभी वाटी आणि चमचा धरावा; अंदाज मागाहून आपल्या पायांनी येतो. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले आणि घरोघर पोहोचले, त्याला हेही एक कारण आहे. त्यात वाटी-चमच्याचे माप होते. ज्याला अंदाज नाही त्याच्या हाती काहीतरी होते.

आता भीतीचे मूळ पाहू. माणूस चुकीला भीत नाही. दुरुस्त न होणाऱ्या चुकीला भितो. नवशिक्याला वाटते की स्वयंपाकातील प्रत्येक चूक अशीच आहे. हा समज साफ खोटा आहे. कच्चे राहिलेले आणखी शिजविता येते. अळणी झालेल्यात मीठ घालता येते. घट्ट झालेले पाण्याने सैल होते, पातळ झालेले आटविता येते. परत फिरता येत नाही अशा चुका मोजक्याच: जळणे, खारट होणे, फार तिखट होणे आणि नको इतके शिजून लगदा होणे. त्यातून नवशिक्याचा पहिला नियम निघतो: ज्या बाजूने परतीची वाट आहे त्या बाजूला चुकावे. मीठ कमी पडू द्यावे, तिखट कमी पडू द्यावे, आच मंद ठेवावी, मिनिटभर आधी झाकण काढून पाहावे. हा एक नियम मनाशी ठेवला तर निम्मी भीती तेथेच जाते.

पाणी आणि तेल

राहिलेली निम्मी भीती घालविण्यास थोडे विज्ञान पुरेसे आहे. शेगडीवर आपण जे जे करतो त्याचे दोन भाग पडतात: पाण्यात शिजविणे आणि तेलात परतणे. या दोघांचे स्वभाव अगदी निराळे आहेत.

पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते. पुण्यात सुमारे ९८ अंशांना, तर महाबळेश्वरच्या उंचीवर ९५-९६ अंशांनाच. एकदा उकळी आली की ज्योत कितीही मोठी करा, पाण्याची उष्णता त्यापुढे जात नाही. मोठ्या आचेने पाणी लवकर आटते. अन्न लवकर शिजत नाही. तेव्हा आधणाला उकळी आली की आच बारीक करावी. गॅस वाचतो, तळाला लागत नाही आणि आपला जीवही घाबरा होत नाही. पातेल्यात पुरेसे पाणी आहे आणि ते अधूनमधून ढवळले जात आहे तोवर पदार्थ जळण्याची भीती नाही. पाणी हे नवशिक्याचे पाठीराखे आहे; ते विचार करण्यास वेळ देते.

तेलाचे तसे नाही. ते दोनशे अंशांच्या जवळ सहज जाते, आणि तेथे अर्ध्या मिनिटात मोहरीचा कोळसा होतो. म्हणून फोडणी हे काम क्षणांचे, आणि त्यासाठीच तयारी आधी हवी. मिसळणाचा डबा उघडून ठेवावा, कढीपत्ता धुऊन पुसून ठेवावा, कांदा चिरून ठेवावा, आणि मगच तेल तापत ठेवावे. तेल तापल्यावर कांदा चिरावयास घेणारा मनुष्य परीक्षेची घंटा झाल्यावर पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्यासारखा असतो.

फोडणीचा क्रम लागला आहे तो उगीच नव्हे. तेलात आधी मोहरीचा एकच दाणा टाकून पाहावा. तो तडतडला की बाकीची मोहरी घालावी. मोहरीच्या टणक सालीआड थोडा ओलावा असतो. त्याची वाफ होऊन साल फुटते, तोच तो आवाज. म्हणजे मोहरी हे एक प्रकारचे तापमापक आहे. मग जिरे, आणि नंतर हिंग, कढीपत्ता, हळद. हळद सर्वांत नाजूक; ती जळली की कडवट होते. नवशिक्याने जिरे फुलताच सरळ गॅस बंद करावा आणि हिंग-हळद मागाहून घालावी. तापलेल्या तेलातील उष्णता त्यांना पुरते. यात कमीपणा काही नाही.

येथे एक धोक्याची सूचना. फोडणीच्या किंवा तळणीच्या तेलाने पेट घेतला, तर त्यावर पाणी कदापि टाकू नये. तापलेल्या तेलात पाण्याची तत्क्षणी वाफ होते आणि पेटलेले तेल चौफेर उडते. गॅस बंद करावा, भांड्यावर घट्ट झाकण सारावे आणि ते गार होईपर्यंत हलवू नये.

पहिला पाठ: वरण-भात

आता प्रत्यक्ष स्वयंपाकाकडे वळू. नवशिका बहुधा आरंभालाच चूक करतो ती ही की, सोमवारी एक पदार्थ, मंगळवारी दुसरा, बुधवारी पाहुण्यांना तिसरा. असे केल्याने दररोज तो नवशिकाच राहतो. गाणे शिकणारा एकच पलटा शंभर वेळा घोटतो. तसे एकच जेवण आठ-दहा दिवस करावे. त्यासाठी वरण-भात आणि काकडीची कोशिंबीर यांसारखा दुसरा पाठ नाही.

दोघा-तिघांना वाटीभर तांदूळ आणि अर्धी वाटी तुरीची डाळ पुरते. दोन्ही धुऊन घ्यावे. डाळ अर्धा तास भिजली तर बरे. जुन्या तांदळाला दोन वाट्या पाणी, नव्याला त्याहून थोडे कमी. डाळीला दीड वाटी पाणी, चिमूटभर हिंग, पाव चमचा हळद आणि तेलाचे दोन थेंब. कुकरच्या तळाशी दोन पेले पाणी घालून खाली डाळीचा डबा, वर तांदळाचा. झाकण लावण्यापूर्वी शिटीचे भोक मोकळे आहे ना, हे पाहावे.

कुकरमध्ये काय होते? कोंडलेल्या वाफेचा दाब वाढतो आणि त्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. म्हणून डाळ लवकर शिजते. पुष्कळ घरांत शिट्या मोजतात. पण शिटी म्हणजे घड्याळ नव्हे. आच मोठी असली तर त्या भराभर होतात, बारीक असली तर होतच नाहीत. पहिली शिटी झाली की आच बारीक करावी आणि घड्याळाकडे पाहून बारा ते पंधरा मिनिटे मोजावीत. मग गॅस बंद करून कुकर आपोआप निवू द्यावा. झाकणाशी झटापट करू नये. वाफ जिरली की ते आपण होऊन सुटते. सुटत नसेल तर आत अजून दाब आहे असे समजावे.

भाताची परीक्षा शितावरून करतात, हे आपण सारेच म्हणतो. येथे ते खरोखरच करावयाचे आहे. शीत बोटांत दाबावे. मध्ये टणक कणी लागली तर भातावर दोन चमचे गरम पाणी शिंपडून झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटे ठेवावा. लगदा झाला असेल तर तो मोकळा होणार नाही, हे खरे. पण दही, मीठ कालवून वर फोडणी दिली की उत्तम दहीभात होतो, आणि तोच करावयाचा होता असे सांगण्यास कोणाची हरकत नाही.

डाळ मात्र कधी कधी हटवादीपणा करते. त्याला तीन कारणे. एक, डाळ फार जुनी असणे. दुसरे, पाणी जड असणे. त्यातील क्षार डाळीला मऊ होऊ देत नाहीत. तिसरे कारण आपलेच असते. चिंच, आमसूल, टोमॅटो असे आंबट आपण आधीच घालतो. आंबटाने डाळीच्या पेशींना जोडणारा पदार्थ विरघळत नाही आणि डाळ दाणेदार राहते. म्हणून आंबट नेहमी डाळ शिजल्यानंतर. ही एक गोष्ट कळली असती, तर ‘गॅसच मंद आहे’ म्हणून मी जो कांगावा केला तो टळला असता. रांधता येईना, ओली लाकडे!

शिजलेली डाळ रवीने किंवा डावाने घोटावी, हवे तेवढे पाणी घालावे, अर्धा लहान चमचा मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून एक उकळी आणावी. हे साधे गोडे वरण. वर तूप, बाजूला लिंबाची फोड. काकडी चोचवून त्यात दही आणि दाण्याचे कूट घातले की कोशिंबीर. मीठ पानावर बसताना घालावे, नाहीतर तिला पाणी सुटते. एवढे जेवण ज्याला आले, तो उपाशी राहणार नाही.

मिठाविषयी दोन शब्द. मीठ घालता येते, काढता येत नाही. म्हणून आधी निम्मे, मग चाखून उरलेले. चाखताना वाटीत थोडे काढून निवू द्यावे, कारण जीभ पोळली की तिला मीठ कळत नाही. नैवेद्याचा स्वयंपाक चाखावयाचा नाही असा रिवाज ज्या घरांत आहे, तेथील अनुभवी बायका नुसत्या सवयीने मीठ बरोबर घालतात. पण ती सिद्धी आहे, आणि नवशिक्याने सिद्धीच्या नादी लागू नये. त्याने खुशाल चाखावे. वरण खारट झाले तर बटाट्याची फोड टाकावी असे सांगतात. बटाटा खारट पाणी पितो हे खरे, पण तो आपल्या आकाराएवढेच पिणार! त्यापेक्षा बिनमिठाची घोटलेली डाळ किंवा गरम पाणी वाढवावे आणि एखाद्याला जेवावयास बोलवावे.

दुसरा पाठ: पिठले आणि भाजी

वरण-भात हाताखालचा झाला की पिठले. आता माझ्या गोट्यांचे कारण सांगतो. पिठात स्टार्च असतो. गरम पाणी लागताच तो फुगतो आणि चिकट होतो. कोरडे पीठ एकदम उकळत्या पाण्यात पडले की ढेकळाचा बाहेरचा थर तत्क्षणी फुगून चिकटतो आणि आतल्या पिठाला पाणी मिळण्याची वाटच बंद होते. हीच गुठळी. गार पाण्यात स्टार्च फुगत नाही, म्हणून तेथे प्रत्येक कण सुटा भिजतो. तेव्हा वाटीभर बेसन वाटीभर गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडून घ्यावे. कढईत फोडणी करून त्यात कांदा, मिरची, लसूण परतावी, दोन वाट्या पाणी व मीठ घालून उकळी आणावी आणि मग कालवलेले पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळावे. झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटे शिजू द्यावे. कच्च्या पिठाचा वास गेला आणि पिठल्यावर तकाकी आली की झाले.

पाहा, कारण कळल्याबरोबर ही कृती पाठ करण्याची गरज राहिली नाही. कढीला लावायचे बेसन ताकात गारच का कालवायचे, खिरीला लावायचे तांदळाचे पीठ गार दुधातच का, हे आपोआप उमगते. एक कारण दहा कृतींचे काम करते. सुटी सुटी पाठ केलेली कृती एकाच दिवसापुरती असते.

भाजीचेही तसेच. बटाट्याच्या काचऱ्या, कोबी, फरसबी अशा परतून वाफेवर होणाऱ्या भाज्यांना आपल्या आज्या कढईवर ताटली ठेवून त्या ताटलीत पाणी घालीत. हे दिसावयास साधे, पण मोठे शहाणपणाचे आहे. वरच्या पाण्याने ताटली फार तापत नाही. भाजीतून निघालेली वाफ तिच्या खालच्या अंगाला लागून थेंब होते आणि पुन्हा भाजीतच पडते. भाजी स्वतःच्या रसात शिजते, करपत नाही. आणि मध्येच पाणी कमी वाटले, तर ताटलीवरचे गरम पाणी हाताशी असतेच. गार पाण्याने शिजणे थबकते, गरम पाण्याने थबकत नाही.

पोळी-भाकरी मी शेवटी ठेवली आहे, कारण पुष्कळ नवशिके तेथूनच सुरुवात करतात आणि तेथेच हात टेकतात. गव्हाच्या कणकेत ओढली जाणारी चिवट ताकद असते. मळून अर्धा तास झाकून ठेवली की ती सैलावते आणि पोळी लाटताना मागे पळत नाही. ज्वारीत ती ताकद नाही. म्हणून भाकरीचे पीठ कढत पाण्यात भिजवितात. त्याने स्टार्च चिकट होतो आणि भाकरी थापताना चिरत नाही. दळून फार दिवस झालेल्या पिठाची विरी जाते आणि मग अनुभवी हातालाही भाकरी साधत नाही. नवशिक्याने दोष स्वतःकडे घेण्यापूर्वी पिठाचा डबा पाहावा. ही कला महिन्या-दोन महिन्यांची आहे. तोवर कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणल्या आणि भाजी घरी केली, तर त्यात लाज बाळगण्याचे कारण नाही.

उरलेल्या अन्नाविषयी एक सूचना केल्यावाचून पुढे जाता येत नाही. भात उकळून शिजला तरी त्यात काही जंतूंची बीजे जिवंत राहतात आणि भात तास न् तास कोमट राहिला तर वाढून विष निर्माण करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून उरलेला भात दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा, आणि खाताना चांगली वाफ येईपर्यंत तापवावा. दिवसभर ओट्यावर राहिलेल्या भाताचा मोह धरू नये.

शिकविणाऱ्यांस विनंती

एवढे नवशिक्याला सांगितले. आता ज्यांना उत्तम येते त्यांना एक विनंती. शिकणाऱ्याच्या हातातील पळी काढून घेऊ नका. “सर बाजूला, मी करते” हे वाक्य प्रेमाने उच्चारलेले असते, पण त्याने शिकणे थांबते. त्याला ढवळू द्या, सांडू द्या. फक्त का ते सांगा. ‘का’ला उत्तर न देता ‘असंच करायचं असतं’ म्हणाल, तर तो करील, पण त्याला कळणार नाही.

आणि ‘पुरुषाने काय शिकायचे’ असे म्हणणाऱ्यांस आपली जुनी साक्ष काढून देतो. अज्ञातवासात भीम विराटाच्या पाकशाळेत बल्लव होऊन राहिला. त्यावरूनच आपण आचाऱ्याला बल्लवाचार्य म्हणतो. नल राजा बाहुक झाला तेव्हा त्याची ओळख पटविण्यात त्याने रांधलेल्या अन्नाचा भाग होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला, त्यात राजाने उपभोगावयाच्या अन्नाचे स्वतंत्र प्रकरण आहे. राजेलोकांना जे हलके वाटले नाही ते आपल्याला का वाटावे?

या विद्येचे मोल आपण घरात करीत नाही, बाहेर मात्र ते कळते. मुंबईच्या गिरणगावात कुटुंब गावी ठेवून एकटे राहणारे हजारो कामगार खानावळी चालविणाऱ्या बायकांच्या हातचे जेवले. त्या कामगारांना रांधता येत नव्हते, आणि रांधण्यास वेळही नव्हता. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. घरात ज्या कामाला कोणी काम म्हणत नव्हते, त्यावर एक अख्खा उद्योग दोन वेळा जेवत होता.

कोणी म्हणेल, आता फोनवर बोट ठेवले की अर्ध्या तासात जेवण दारात येते; मग हा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर मला एका स्नेह्यांच्या घरी मिळाले. त्यांची पत्नी वारली. पेन्शन उत्तम, मुलगा परदेशातून पैसे पाठविण्यास तयार, हॉटेले खाली रस्त्यावरच. तरी सहा महिन्यांत गृहस्थ निम्मे झाले. मी विचारले तेव्हा म्हणाले, “बाहेरचं आठ दिवस गोड लागतं. मला मऊ भात आणि साधं वरण हवं आहे. ते विकत मिळत नाही, आणि मागायचं तर कोणाकडे मागू?”

मी त्यांना दुसऱ्या दिवशी माझ्या घरी नेले नाही. त्यांच्याच स्वयंपाकघरात गेलो. बरण्यांवर वहिनींच्या हातच्या चिठ्ठ्या होत्या, म्हणून डाळ शोधावी लागली नाही. मी खुर्चीवर बसलो आणि ते ओट्यापुढे उभे राहिले. पहिल्या दिवशी वरण अळणी झाले. त्यांनी चाखले, थोडे थांबले, आणि स्वतःच मिठाच्या बरणीकडे हात नेला. अळणीपासून परतीची वाट आहे, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. आता ते रोज आपले जेवण आपण करतात आणि गुरुवारी मला बोलावतात.

श्रोतेहो, आज घरी गेल्यावर ज्यांना येत नाही त्यांनी एवढेच करावे: जो कोणी आजवर आपल्याला जेवू घालीत आला, त्याच्याजवळ ओट्यापाशी उभे राहावे आणि ‘का’ असे विचारावे. मला ते विचारण्यास पस्तीस वर्षे लागली. आपल्याला उद्या सकाळी भाताचे आधण ठेवण्यापूर्वीच विचारता येईल.